गाठ थांबत नाही

कोरोनाच्या काळात कॅन्सरच्या शस्त्रक्रियांचं काय झालं? डॉक्टरांपुढे कोणतं कोडं होतं आणि घरच्या माणसांनी त्यातून काय शिकायचं?

२५ मार्च २०२०. गुढीपाडवा. म्हैसूरमध्ये याच सणाला युगादी म्हणतात. पहाटे अंगाला तेल लावून न्हायचं, कडुलिंब आणि गूळ एकमेकांना द्यायचा, ‘वर्षाचं कडूगोड सारख्याच मनानं घेऊ’ असं म्हणायचं, ही तिथली रीत. पण त्या दिवशी कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. आदल्या रात्रीच पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली होती. म्हैसूरच्या विजयनगर वसाहतीतले रुंद रस्ते ओस पडले होते. एरवी गजबजलेल्या योगनरसिंह स्वामींच्या देवळाकडेही कुणी फिरकत नव्हतं.

समजा, याच विजयनगरात एक मराठी कुटुंब राहतं. मूळचं सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचं. सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी त्या भागातली कितीतरी माणसं दक्षिणेतल्या शहरांत जाऊन स्थिरावली, त्यांतलंच हे एक. पाड्याच्या सकाळी सून सासूबाईंच्या पाठीला तेल लावते आहे. हात काखेजवळ जातो आणि बोटं थबकतात. सुपारीएवढी टणक गाठ.

‘‘आत्या, कधीपासनं आहे हे?’’

‘‘असंल संक्रांतीपासनं. दुखत न्हाई, म्हणून काय बोलले न्हाई.’’

दुखत नाही म्हणून बोलले नाही! कॅन्सरच्या डॉक्टरांनी आपल्या आयुष्यात हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. एरवी घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी रिक्षा बोलावली असती. पण आता? रस्त्यावर पोलीस, दवाखान्यात कोरोना. गावाकडे जावं, तर तिकडे सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला रुग्ण सापडलेले. शेवटी घरात एकमत होतं : ‘‘टाळेबंदी उठू दे, मग बघू.’’

हे घर कल्पनेतलं आहे. पण त्या वर्षी देशातल्या हजारो घरांत हाच निर्णय घेतला गेला. तो चुकीचा का होता आणि त्याच वेळी रुग्णालयांत काय चाललं होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. साथी पुन्हा येणारच नाहीत, असं कुणी सांगावं?

म्हैसूरवर आलेलं सावट

म्हैसूरला साथी नवीन नाहीत. १८९८ मध्ये प्लेग या संस्थानात शिरला आणि त्यानं मोठा धुमाकूळ घातला. त्या अनुभवातूनच १९०३ मध्ये म्हैसूरला नगरसुधारणा मंडळ स्थापन झालं आणि दाट वस्तीबाहेर मोकळ्या, हवेशीर वसाहती आखण्याची प्रथा पडली. विजयनगरपासून जवळच, केआरएस रस्त्यावर, क्षयरोग्यांसाठी बांधलेलं जुनं आरोग्यधाम आहे. क्षयानं मृत्यू पावलेल्या राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांच्या नावानं ते उभं राहिलं.

मार्च २०२० च्या अखेरीस मात्र शहराची झोप उडाली. जवळच्या नंजनगूड इथल्या औषधनिर्मितीच्या एका कारखान्यातल्या कर्मचाऱ्याला कोरोनाची लागण झाल्याचं निष्पन्न झालं आणि बघता बघता त्या एका साखळीतून सत्तरहून अधिक जण बाधित झाले. बंगळुरूखालोखाल म्हैसूरचं नाव बातम्यांत येऊ लागलं. केआरएस रस्त्यावरच नव्यानं बांधलेलं जिल्हा रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवण्यात आलं.

आता गंमत पाहा. याच विजयनगरच्या शेजारी, हेब्बाळच्या रिंग रोडवर, कॅन्सरवर उपचार करणारं मोठं खासगी रुग्णालयही आहे. बंगळुरूची सरकारी किडवाई संस्था दीडशे किलोमीटरच्या आत. म्हणजे अंतराचा प्रश्न नव्हता. आगगाड्या आणि बसगाड्या बंद झाल्या, हा एक अडथळा झाला. पण मोठा अडथळा होता तो भीतीचा. आणि ही भीती फक्त रुग्णांच्याच मनात नव्हती, डॉक्टरांच्याही मनात होती.

टेबलावरचा पेच

कॅन्सरची शस्त्रक्रिया म्हणजे केवळ सुरी आणि टाके नव्हेत. तिला भूल देणारे तज्ज्ञ लागतात, रक्त लागतं, अतिदक्षता विभागातली खाट लागते, कधी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं यंत्र लागतं. नेमक्या याच गोष्टी कोरोनाच्या गंभीर रुग्णांनाही हव्या होत्या. रक्तदान शिबिरं बंद पडल्यानं रक्तपेढ्यांमध्ये खडखडाट होता. भूलतज्ज्ञांना कोरोना कक्षांत बोलावणं येत होतं.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. भूल देताना रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्या वेळी त्याच्या घशातले सूक्ष्म तुषार हवेत उडतात. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक. गुटखा आणि तंबाखूची ही देणगी! तोंडाच्या शस्त्रक्रियेत सर्जनचा चेहरा तासन्‌तास रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. रुग्णाला लागण झालेली असेल, तर अख्खी तुकडीच्या तुकडी एका दिवसात आजारी पडण्याचा धोका.

तिसरी अडचण रुग्णाच्याच जिवाची. शस्त्रक्रियेच्या सुमारास कोरोना झाला, तर काय होतं? २०२० च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचं उत्तर प्रसिद्ध झालं आणि जगभरचे सर्जन हादरले. २४ देशांतल्या अशा १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले होते. निम्म्याहून अधिक जणांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली होती. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांवर तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागली होती, हे खरं. तरीही चारातला जवळपास एक मृत्यू, हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता.

साहजिकच अनेक ठिकाणी सल्ला निघाला : तूर्त थांबा.

थांबण्याचीही किंमत असते

पण थांबणं म्हणजे सुरक्षित राहणं, हे समीकरण मोतीबिंदूला लागू पडेल, गुडघ्याच्या सांध्याला लागू पडेल. कॅन्सरला ते लागू पडत नाही. कॅन्सरच्या पेशींना टाळेबंदी कळत नाही. त्यांचं विभाजन चालूच राहतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या देशांतले ३४ अभ्यास आणि बारा लाखांहून अधिक रुग्ण यांचा त्यात विचार केला होता. निष्कर्ष असा की, शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली, तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातले आणखी सहा-आठ जण दगावतात असा नव्हे. मूळचा जो धोका असेल, त्यात तेवढ्या टक्क्यांची भर पडते. एका महिन्यासाठी ही भर लहान वाटेल. पण महिन्याचे तीन महिने झाले, तीनाचे सहा झाले, की हिशेब वाढत जातो. शिवाय गाठ वाढली की शस्त्रक्रियाही मोठी होते. जिथे गालाचा तुकडा काढून भागलं असतं, तिथे जबडा काढावा लागतो.

म्हणजे एका बाजूला शस्त्रक्रिया केली तर कोरोनाची भीती, दुसऱ्या बाजूला न केली तर कॅन्सरची खात्री. इकडे आड, तिकडे विहीर! यातून वाट काढायची कशी?

रांग लावण्याचं शास्त्र

डॉक्टरांनी जी वाट काढली, ती नीट समजून घेतली पाहिजे. त्यांनी रुग्णांची सरसकट एकच रांग न लावता तीन रांगा लावल्या, असं म्हणता येईल.

पहिल्या रांगेत, ज्यांना थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ, असे रुग्ण. आतड्यात गाठ होऊन मार्ग बंद झालेले, रक्तस्राव होणारे, तोंडाचा किंवा जठराचा वेगानं पसरणारा कॅन्सर असलेले. यांच्यावर शस्त्रक्रिया करायचीच.

दुसऱ्या रांगेत, ज्यांना दुसऱ्या उपचारानं काही काळ धरून ठेवता येतं, असे. स्तनाच्या काही कॅन्सरना स्त्री-हार्मोनचं खतपाणी मिळत असतं. अशा स्त्रियांना हार्मोनविरोधी गोळ्या देऊन काही आठवडे गाठ काबूत ठेवता येते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आठवड्याभराचे किरणोपचार देऊन नंतर थांबता येतं. काहींना केमोथेरपी आधी देता येते, शस्त्रक्रिया मागून. अर्थात, केमोथेरपीनं प्रतिकारशक्ती घटते, तेव्हा साथीत तीही जपूनच द्यावी लागते.

तिसऱ्या रांगेत, जे खरोखरच थांबू शकतात. थायरॉइडचे काही सौम्य कॅन्सर, त्वचेचे काही प्रकार, प्रोस्टेटचे संथ गतीचे कॅन्सर. यांना पुढची तारीख द्यायची आणि मधल्या काळात लक्ष ठेवायचं.

इथे एक बारकावा आहे आणि सगळं इंगित त्यातच आहे. पुढे ढकललेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेला काहीतरी कारण होतं, काहीतरी पर्यायी उपचार होता आणि पुढची तारीख होती. विजयनगरच्या त्या घरातल्या ‘मग बघू’ला यातलं काहीच नव्हतं. ढकलणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं!

परळचा धडा

म्हैसूरपासून सुमारे हजार किलोमीटरवर, मुंबईच्या परळमध्ये, या विचाराची खरी कसोटी लागली. १९४१ मध्ये सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय हे देशभरच्या कॅन्सरग्रस्तांचं पंढरपूरच. बिहारपासून ईशान्य भारतापर्यंतची माणसं इथे येतात. खोली परवडत नाही म्हणून कित्येक जण रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम करतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा शोधतात. टाळेबंदी लागली तेव्हा हे रुग्ण तिथेच अडकले. आणि मुंबई तर देशातल्या साथीचं केंद्र झालेली!

अशा वेळी रुग्णालयानं शस्त्रक्रियागृहाला कुलूप घातलं असतं, तरी कुणी दोष दिला नसता. पण तसं झालं नाही. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे कॅन्सरच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया पार पडल्या. डॉ. शैलेश श्रीखंडे, डॉ. सी. एस. प्रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. त्या ४९४ रुग्णांपैकी शस्त्रक्रियेनंतर एकही दगावला नाही. सहा जणांना नंतर कोरोनाची बाधा झाल्याचं आढळलं. तेही सर्व बरे झाले.

हे नशीब होतं का? काही अंशी रुग्णांची निवड होती. या रुग्णांचं मध्यक वय ४८ होतं आणि साठी ओलांडलेले फक्त १३ टक्के होते. बहुतेकांना दुसरा मोठा आजार नव्हता. म्हणजे ज्यांना शस्त्रक्रियेचा फायदा अधिक आणि कोरोनाचा धोका कमी, अशांना आधी घेतलं होतं. मुखपट्टी, तपासणी, अंतर राखणं, संशयिताला वेगळं काढणं ही शिस्त तर होतीच. ‘लॅन्सेट’च्या आकड्यांनी जी दहशत बसवली होती, तिला हे परळचं उत्तर होतं : धोका आहे, पण निवड आणि शिस्त असेल, तर तो पेलता येतो.

तरीही निम्म्या शस्त्रक्रिया झाल्याच नाहीत

मात्र परळ म्हणजे देश नव्हे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशव्यापी जाळ्यातल्या ४१ केंद्रांचा हिशेब पुढे ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये आला. मार्च ते मे २०१९ आणि मार्च ते मे २०२० अशी ती तुलना होती. तीन महिन्यांत मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. जवळपास निम्म्या! नव्यानं नोंदवले जाणारे रुग्ण १,१२,२७० वरून ५१,७६० वर घसरले. म्हणजे निम्म्याहून कमी.

हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षाही भयंकर आहे. कॅन्सर तर कमी झाला नव्हता. मग ते साठ हजार नवे रुग्ण गेले कुठे? ते घरीच होते. कुणी गाठ लपवून, कुणी तोंडातल्या चट्ट्याला हळद लावून, कुणी शौचावाटे जाणाऱ्या रक्ताला मूळव्याध समजून. डॉक्टरांच्या तीन रांगांपैकी एकाही रांगेत ते उभे नव्हते. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत कॅन्सरची पूर्वतपासणीही पूर्ण बंद होती किंवा नेहमीच्या पाव क्षमतेहून कमी चालू होती.

आणखी एक गोष्ट या पाहणीत दिसली. महानगरांतल्या केंद्रांमध्ये घट जास्त होती, लहान शहरांमध्ये कमी. याचा अर्थ उघड आहे. उपचार घराजवळ असतील, तर ते साथीतही चालू राहण्याची शक्यता अधिक. म्हैसूरसारख्या शहरांत कॅन्सरचे उपचार मिळणं ही चैन नाही, गरज आहे.

जगातही चित्र वेगळं नव्हतं. ६१ देशांतल्या वीस हजार कॅन्सररुग्णांच्या अभ्यासात असं आढळलं की, कडक टाळेबंदीच्या प्रदेशांत सातांपैकी एका रुग्णाची ठरलेली शस्त्रक्रिया होऊ शकली नाही. निर्बंध सौम्य असलेल्या ठिकाणी हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं.

दुसरी लाट आणि प्राणवायू

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा पेच आणखी घट्ट झाला. या वेळी तुटवडा पडला तो प्राणवायूचाच. म्हैसूरच्या शेजारच्या चामराजनगरमध्ये मेच्या सुरुवातीला चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयातले २४ रुग्ण दगावले आणि सारा कर्नाटक सुन्न झाला. शस्त्रक्रियेसाठीही प्राणवायू लागतोच. एकेक नळकांडं मोजून वापरावं लागत असताना नियोजित शस्त्रक्रिया पुन्हा मागे पडल्या.

तोवर एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली होती. ११६ देशांतल्या एक लाख चाळीस हजार रुग्णांच्या पाहणीवरून तज्ज्ञांनी सांगितलं की, कोरोना होऊन गेलेल्यांची शस्त्रक्रिया शक्य तर सात आठवड्यांनंतर करावी. पण तिथेही पुस्ती होतीच : कॅन्सर वेगानं वाढणारा असेल, तर थांबण्याचा आणि न थांबण्याचा धोका डॉक्टरांनी तोलून पाहावा.

घरच्यांनी लक्षात ठेवावं असं

साथ असो, पूर असो, गावात संचारबंदी असो, काही गोष्टी गाठीला बांधून ठेवाव्यात.

न दुखणारी गाठ, तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, बसलेला आवाज, गिळताना अडकणं, शौचावाटे किंवा लघवीवाटे रक्त, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, कारण नसताना घटणारं वजन, यांपैकी काहीही दिसलं, तर ते कॅन्सरच असेल असं नाही. पण ते डॉक्टरांना दाखवणं पुढे ढकलू नये.

जाणं शक्य नसेल, तर निदान फोन करावा. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी केंद्र सरकारनं दूरध्वनीवरून आणि व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यामुळे घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

बायॉप्सीचे, सोनोग्राफीचे अहवाल एका पिशवीत नीट ठेवावेत, त्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. मोठ्या शहरातलं रुग्णालय गाठता आलं नाही, तर जवळच्या डॉक्टरांना तेवढ्यावर पुढचा निर्णय घेता येतो.

आणि शस्त्रक्रिया पुढे गेलीच, तर डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. का पुढे गेली? तोवर कोणता उपचार? नवी तारीख कोणती? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, म्हणजे समजावं की आपलं माणूस रांगेत आहे, रांगेबाहेर नाही.

आता पुन्हा विजयनगरच्या त्या घरात जाऊ. मेच्या मध्याला म्हैसूरमधला कोरोनाचा शेवटचा उपचाराधीन रुग्णही बरा होऊन घरी गेला आणि शहरानं सुटकेचा निःश्वास टाकला. (पुढे साथ परतली, ती गोष्ट निराळी.) सासूबाई तेव्हा दवाखान्यात गेल्या असत्या, तर पाडव्यापासून सात आठवडे उलटून गेले असते. संक्रांतीपासून मोजले, तर चार महिने. गाठ काही सुपारीएवढी राहिली नसती.

आणि पाडव्यालाच सुनेनं ऐकलं नसतं तर? ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून, पोलिसांना चिठ्ठी दाखवून ती सासूबाईंना हेब्बाळच्या रस्त्यानं घेऊन गेली असती तर? सुईनं तपासणी झाली असती. कदाचित लगेच शस्त्रक्रिया झाली असती, कदाचित गोळ्या देऊन तारीख दिली गेली असती. काहीही झालं असतं, तरी निर्णय भीतीनं न घेता डॉक्टरांनी घेतला असता.

पाडव्याच्या त्या सकाळी कडुलिंबाचं पान आधी चावायचं असतं, गूळ नंतर. कडू आधी पत्करावं, हेच तर ती रीत सांगते.